दांड्यासकट

तुर्भ्याच्या मार्केटात, पालकाच्या ढिगामागे
थर्माकोलच्या खोक्यात बसला होता तो,
काळपट हिरवा, कडेला कुरळा,
लग्नात चुकून आलेल्या पाहुण्यासारखा.
"सॅलडवाले नेतात, ताई," भाजीवाला म्हणाला,
"शिजवायला नाही कोणी नेत."

मी नेला. शिजवलाही.
मेथीसारखा परतला, तो मेथी झाला नाही.
पालकासारखा वाटला,
तर महाप्याच्या कँटीनमध्ये डबा उघडताच
शेजारची खुर्ची हळूच सरकली.

मासळी सोडून सहा महिने झाले होते,
दूध-दही सोडून त्याहून थोडे कमी.
घणसोलीत, तिसऱ्या मजल्यावर,
हे कोणालाच जड नव्हतं.
फक्त सारसोळ्याला कळवलं नव्हतं.

रविवारी सारसोळ्याहून आई आली.
पिशवीत मोड आलेले वाल, ओल्या फडक्यात,
एक नारळ,
आणि जवळ्याचा डबा.

फ्रीज उघडून म्हणाली, "यो कसला पाला गो?"
"केल."
"केलीचा? यवरा बारीक?"
आमच्यात ळ नाहीच,
केळीची जन्मापासून केलीच.
मी हसले. हसता हसता, तिच्याकडे पाठ करून,
वाल सोलता सोलता
सांगून टाकलं सगळं.

वाल सटकत राहिले सालांतून,
टप्, टप्, पाण्यात.
"डाक्टरनी सांगला?"
"नाही."
"कोन पोरगा हाय?"
"नाही गं."
"मग?"
उत्तर होतं माझ्याकडे, चांगलं पाठ केलेलं,
आकड्यांसकट.
पण तिच्या टोपलीवर माझी दहावी झाली,
डिप्लोमा झाला,
या फ्रीजचा पहिला हप्तासुद्धा
पापलेटच्या पैशांतून गेला.
उत्तर तसंच राहिलं तोंडात,
न शिजलेल्या पानासारखं.

ती उठली. पदर खोचला.
एक पान उचललं, मधली शीर मोडली
कानाशी नेऊन, काडकन्.
"दांडं टाकतस?"
"टाकते."
"फुकट मिल्लं काय?"

दांडे बारीक चिरले तिनं, कांद्याबरोबर आधी तेच घातले.
पानांना मीठ लावून चोळलं,
हट्टी पोराचं डोकं न्हाणावं तसं,
हिरवा रंग बोटांना लागेपर्यंत.
कढईत तेल तापलं, आणि सवयीनं
तिचा हात डब्यावर गेला.
झाकण अर्धं फिरलं.
मी श्वास धरला. तिनंही धरला असावा.
झाकण परत फिरलं, घट्ट.
मग चार पाकळ्या लसूण जास्त ठेचला, जोरात,
ओट्यानं काही केलं असल्यासारखा.

मसाला, वाल, नारळाचं दूध.
शेवटी दोन आमसुलं.
पान शिजायला वेळ घेत होतं, आणि आम्ही दोघी
खाली सोसायटीत कोणी रिव्हर्स घेत असलेल्या गाडीचं
एकच रडकं गाणं ऐकत उभ्या.

तांदळाच्या भाकरीशी खाल्लं तिनं.
बरं झालंय म्हणाली नाही.
दुसऱ्यांदा वाढून घेतलं मात्र,
आणि कढईची कड भाकरीच्या तुकड्यानं पुसता पुसता:
"खारीचा वास नाय याला.
पन प्वाट भरतं."

खाडीला ती खारीच म्हणते.

चपला घालताना मी हाक मारली,
"आई, तुझा डबा राहिला."
"रवदे," जिना उतरत म्हणाली,
"तू नको खाव. घराला वास रवदे."

आता दोन जुड्या आणते. दांड्यासकट.
भाजीवाला विचारतो, सॅलड का?
मी म्हणते, कालवण.

डबा कांद्याच्या टोपलीमागे आहे.
झाकण मी उघडत नाही.
दर रविवारी
पुसते.