आलमारी वर गेली नाही

निसणीच्या चौथ्या पायरीवर अडली.
भगवंतमामा खालून, खांद्यावर सगळा लोखंडी भार घेऊन,
"काऊन व पोरीहो, मोजली नव्हती काय?"
मोजली होती.
आलमारी मोजली होती, माळा मोजला होता,
माळ्याचं तोंड मोजायचं राहिलं.

मग वहीचं चौकटीचं पान.
एक चौकट म्हणजे एक वीत.
कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून दोन बाजा कापल्या,
एक टेबल, एक ट्रंक,
आणि दोन दिवस ती पानावरून सरकवत बसलो.
बाजा कडेला लावल्या तर उठताना डोकं कवेलूला.
मधे लावल्या तर चालायला वाट नाही.
आडव्या लावल्या तर श्रावस्तीचे पाय
माझ्या उशाशी.
"चालते मले," ती म्हणाली.
मला चालत नव्हतं.

कागदावर छप्पर उतरत नाही,
कागदावर कुठंही ताठ उभं राहता येतं.
वर मात्र मधल्या नाटेखाली तेवढी एक पट्टी,
दीड हात रुंद,
जिथं मान न वाकवता वेणी घालता येते.
ती कुणाची, यावरून तीन दिवस अबोला.
म्हणजे मी धरला.
ती बोलतच होती.

ती मावशीची. दहावीपुरती आलेली.
सोबत एक बॅग, एक डबा, एक निळी बादली.
बादली कशाला, तर म्हणे
होस्टेलात ज्याची त्याची असते.

बाबा मंडीत खोके ठोकतात.
त्यांनी आंबिया बहाराचे बावीस आणून दिले,
कुणाची फळी तडकलेली,
कुणात अजून एखादं वाळकं पान,
सगळ्यांना संत्र्याच्या सालीचा वास.
छप्पर जिथं जमिनीला टेकतं, तिथं आडवे रचले,
अकरा माझ्याकडे, अकरा तिच्याकडे.
मधे मी खडूनं रेघ ओढली.

माझे संध्याकाळपर्यंत भरले.
पुस्तकं, स्वेटर, खो-खोचं पदक, तुटक्या बांगड्यांचा डबा,
जुनी दप्तरं दोन, का ते मलाच माहीत नाही.
तिचे अकरा रिकामे.
बॅग बाजेखाली, चेन लावलेली.
"भर ना व."
"भरतो ना. काय घाई हाय?"
रात्री वाऱ्यानं तिच्या खोक्यांतून शिटी वाजायची,
माझ्या खोक्यांतून नाही.

नकाशात एक गोष्ट आम्ही काढलीच नव्हती.
छपरात एक कवेलू काचेचं आहे.
त्यातून उन्हाचा एक तुकडा पडतो, पाटाएवढा,
सकाळी तिच्या रिकाम्या खोक्यांवर,
दुपारी पट्टीत,
चारच्या सुमारास माझ्या उशीवर.
रेघ त्याला दिसत नाही.
श्रावस्ती बादली पालथी घालायची, त्यावर बसायची,
आणि तुकडा सरकला की बादलीही सरकवायची
भूगोलाच्या पुस्तकासकट.
बसलेल्या माणसाला छप्पर कुठंही पुरतं.
ती रेघेच्या अलीकडे कधी आली
ते मी पाहिलं. बोलले नाही.
उशी थोडी बाजूला घेतली.

मग एकदा माझी दप्तरं मावेनात.
"तुह्या एका खोक्यात ठेवू काय?"
"ठेव. भाडं लागीन."
भाडं म्हणून तिनं माझा हिरवा स्वेटर घेतला,
घडी करून आपल्या खोक्यात ठेवला,
शेजारी डबा,
त्याच्या शेजारी, उशिरानं, एक फोटो,
पालथा.
बॅगेची चेन त्या दिवसापासून अर्धी उघडी असते.
पूर्ण नाही.

खडूची रेघ झाडताना गेली,
अर्धी तिच्या झाडूनं, अर्धी माझ्या.

परवा मामा आला, करवत घेऊन.
माळ्याचं तोंड वीतभर मोठं करतो म्हणाला,
दोन फळ्या काढल्या की आलमारी सरळ वर.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं.
आलमारी ठेवायची तर पट्टीतच ठेवावी लागेल.
काचेच्या कवेलूखाली.
"राहू द्या मामा," मी वरून म्हटलं.
"मंग कपडे कुठी ठेवसान?"
श्रावस्ती बादलीवरून न उठता म्हणाली,
"जागा हाय ना. माह्याकडं सात खोके खालीच हायेत."