दोनशे फूट

मोमिनपुऱ्याच्या भंगारवाल्यानं डबे किलोवर दिले,
पितळेहून स्वस्त, रद्दीहून जरा महाग.
सिव्हिल लाइन्समधलं कुठलंसं घर रिकामं होत होतं.
मशीन आधीच आलं होतं, आता हे.
बाबा गोळीबार चौकापर्यंत सायकल ढकलत आले,
कॅरिअरवर अकरा सिनेमे.

सिनेमे म्हणजे अख्खे नव्हेत.
तिकडे परदेशात कुणी कात्री घेऊन बसायचं
आणि दोन तासांतून
घरी दाखवण्यापुरती साडेआठ मिनिटं काढून ठेवायचं.
दोनशे फूट. आवाज नाही. तळहातावर मावणारी चकती.
त्यात जहाज निघायचं आणि लगेच बुडायचं.
घोडेवाला सूड घ्यायचा,
पण समोरच्यानं त्याचं काय केलं होतं
हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.
एका गोष्टीत तर आधी मुका, नाव मग विचारायचे.

पडदा आमच्याच मागावरचा,
गिऱ्हाइकानं परत केलेलं पांढरं लुगडं.
किनार कापू द्यायला आई तयार नव्हती.
म्हणून आमच्या प्रत्येक सिनेमाला
खाली चार बोटं लाल किनार,
समुद्राला, वाळवंटाला,
रडणाऱ्या गोऱ्या बाईच्या गळ्याला.

मे महिन्यात दिवा असा तापायचा
की आई पुठ्ठ्यानं वारा घालत बसे,
आम्हाला नाही, मशीनला.
बाबा मिलमध्ये टाइमकीपर, तेवढ्यापुरतं इंग्रजी.
पाटी आली की मोठ्यानं वाचायचे,
‘थांब बे, कुठं चालला?’
आणि कप्तान थांबायचा.

रीळ तुटायची.
आई तुकडे जोडायची, नेलकटरनं कड सारखी करून.
दर वेळी दोन चित्रं कमी.
कापलेलं आम्ही आणखी कापत होतो,
आठ मिनिटांची पावणेआठ झाली असतील.

सातव्या डब्यात एक जेवणाचं टेबल होतं.
बाप, आई, लढाईवर निघालेला मुलगा.
डावीकडून एक हात यायचा,
कपात चहा ओतायचा.
कप भरत आला की दृश्य संपे, मुलगा गाडीत.
तो हात कुणाचा, मी कधी विचारलं नाही.
हॉटेलात पोऱ्या असतो तसं कुणीतरी, एवढंच.

परवा मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये, मोबाइलवर,
अख्खा पाहिला. दोन तास दहा मिनिटं.
आमची मिनिटं मधूनमधून भेटत होती,
लांबच्या लग्नात गल्लीतली माणसं दिसावी तशी.
बाकी सगळे अनोळखी.
आणि त्या हाताला एक बाई होती.
मुलाची मोठी बहीण. चाळीस मिनिटं तिचीच.
ती भांडते, पत्रं लपवते, एका रात्री
दार उघडं टाकून निघून जाते.

बाबांना सांगितलं.
ते पोहे खात होते. म्हणाले,
‘बहीण होती? मग माह्या डब्यात काऊन नाही?’

आमच्या अल्बममध्ये, आजोबांच्या बैठकीच्या फोटोत,
आजीच्या खांद्यावर एक हात आहे,
दोन काचेच्या बांगड्या, पुढे फोटोची कड.
छिंदवाड्याकडे दिलेली, एवढंच ऐकलंय.
नंतर तिकडेही नव्हती म्हणे.
हे मी त्या वेळी बोललो नाही.
तेही नाहीत.

संध्याकाळी त्यांनी माळ्यावरून सातवा डबा काढायला लावला.
व्हिनेगरसारखा वास. पट्टी आखडलेली,
मशीनचा पट्टा विरघळून काळा डिंक झालेला.
मग रीळ खिडकीशी धरली,
चष्मा कपाळावर सारून
फूट-फूट सोडत राहिले बोटांतून
आणि एका जागी थांबले.

‘तिकडच्यात कप भरते का?’
भरतो, मी म्हटलं. थोडा सांडतोही.
‘मग?’
पुसते ती.
‘कशानं?’

मला आठवेना. मी म्हटलं,
हातानंच.