पाण्याच्या फेरीवर

सकाळी सहाला उणे एकतीस.
टँकर रात्रभर हीटरच्या वायरीला बांधून ठेवलेला,
तरी इंजिन अँब्रोजकाकासारखं:
आधी नाही म्हणतं, मग खोकतं,
मग शिवी देऊन उठतं.

आमच्या राखीव वस्तीत एकशेबारा घरं.
प्रत्येक घराची तहान मला पाठ आहे.
शेबागाबोंकडे नातवंडं आली की शनिवारीच खडखडाट.
नर्सिंग स्टेशनला रोज, सुट्टी नाही.
आणि तळ्यापलीकडे एकटी लोरेटा,
तिची टाकी पंधरा-पंधरा दिवस उतरत नाही;
तिथे मी पाइप जोडायच्या आधी
दार वाजवतो.

पाणी उकळून प्या,
असं बँड कौन्सिलच्या कचेरीच्या दारावर लिहिलंय.
सत्तावीस वर्षं.
शाई उडाली म्हणून कागद चारदा बदलला.
माझी मुलगी त्याच मजकुरावर अक्षरं जुळवायला शिकली,
आता तिची मुलगी शिकते आहे.
'उकळून'पाशी दोघी अडखळल्या.

तळं तर दारातच आहे,
डोळ्यांत मावत नाही एवढं.
नदीच्या वरच्या अंगाला कागदाची गिरणी होती.
पाणी नेमकं कुठं मुरतं ते शोधायला
तीन समित्या आल्या.
विमानाने आल्या, बाटलीतलं पाणी प्याल्या,
विमानाने गेल्या.
रिकाम्या बाटल्या आम्ही गोळा केल्या.

जुलैत लाल डगल्यातला शिपाई येतो,
टेबलाशी उभा राहतो,
आणि साहेब माणशी पाच डॉलर मोजून देतो.
कराराचे.
माझ्या पणजोबालाही पाचच मिळायचे,
त्यात त्याला पिठाचं पोतं यायचं म्हणे.
मला दुकानात दुधाचा डबा येत नाही.
ती कोरी नोट मी मोडत नाही, जपून ठेवतो.
खोटं कशाला बोलू, मोडतो.
रेडिओवरच्या बिंगोची कार्डं घेतो.

बुधवारी शाळेची टाकी भरते तोवर
मी डेल्फीनमावशीच्या वर्गात मागे उभा,
बुटांतून बर्फ गळत.
मावशी एकोणऐंशीची.
बोर्डिंग शाळेत ती बावन्न नंबर होती,
म्हणून हजेरीला ती कुणाला नंबर देत नाही;
एखादं पोर दोनदा मोजलं जातं, एखादं राहून जातं,
ते ओरडून सांगतं, मी आहे की.

आपल्या ओजिब्वेत, ती सांगत होती,
शब्द बाई नसतो, पुरुष नसतो.
शब्द जिवंत असतो, किंवा नसतो.
असिन, दगड: जिवंत.
गून, पडलेलं हिम: जिवंत.
टेबल: नाही.

आणि पाणी? मी मागून विचारलं.

निबी, ती म्हणाली. आणि थांबली.
खडू बोटांत फिरवला.
व्याकरणात तरी, नाही.

पोरं वळून माझ्याकडे बघून हसली,
जणू मी गावभर मढी वाटत फिरतो.

पण तेच गोठलं, मावशी म्हणाली,
की मिक्वम.
बर्फ.
तो जिवंत.
का? एका मुलीने विचारलं.
मला कुणी सांगायच्या आधीच
मला तिथून नेलं, ती म्हणाली,
आणि फळा पुसू लागली, अजून काही लिहिलंच नव्हतं तरी.

दुपारी तळ्यावरच्या रस्त्याला लागलो.
पट्टा सोडलेला, दार अर्धं उघडं,
बर्फावर हाकतात तसं.
पाठीवर चार हजार लिटर, नसलेलं.
खाली दीड हात जाडीचं, असलेलं.
मध्येच ते लांबवर कण्हलं,
किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत.
रोजच कण्हतं. 
आज मी वेग कमी केला,
आणि म्हटलं, हो, हो, चाललोच.

लोरेटाचं दार वाजवलं. पुन्हा वाजवलं.
धुराड्यातून धूर होता की नव्हता,
वाऱ्यात कळेना.
मग आतून आवाज:
टाकी भरलेलीच आहे रे,
पण तू ये.

चुलीवर किटली ठेवलेली.
अजून उकळी यायची होती.
आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो.