वर्तनाचा रकाना

दुसरी 'ब'. पट बेचाळीस.
मणिकंठ चिलवेरीच्या नावापुढे
जूनपासून मी लाल पेनानं लिहीत आलेय :
चावतो. ढकलतो. बाक वाजवतो.
बाईंना 'काय बे' म्हणतो.

हे शेवटचं, खरं तर,
अख्खं सोलापूर एकमेकांना म्हणतं.
पण बाईंना म्हणू नये,
एवढं अंतर शाळेनं राखून ठेवलंय.

बाकाचं मात्र वेगळं होतं.
कंपासपेटी लाकडावर, खटक् खट्, खटक् खट्,
एकाच लयीत, तास न् तास,
आणि थांबवायला हात धरला
की हाताला दात.
माझ्या मनगटावर अजून आहे ती कमान,
मधली एक जागा रिकामी,
तिथला दुधाचा दात पडलेला.

दाराशी बसवून पाहिला. पुढे बसवून पाहिला.
प्रशिक्षणात सांगितलेले सोनेरी तारे आणले,
पहिला तारा त्यानं चघळून टाकला.
हेडसर म्हणाले, पालकांना बोलवा.
पालक आले नाहीत.

मग मीच गेले, शनिवारी, शाळा सुटल्यावर.
चार दिवसांनी नळ आलेला,
बोळभर घागरी, पिंपं, कुणाचा तरी प्रेशर कुकरसुद्धा.
आई अंबुजा, मांडीवर सूप,
बोटं विडी वळत राहिली,
मान तेवढी वर झाली :
"रातच्याला झोपंनाच झालंय बाई पोरगं.
माग गेल्यापासून."

पुढच्या खोलीच्या फरशीत चार भोकं.
भोवती तेलाचा काळा चौकोन,
घासून घासून न गेलेला.
टॉवेलाला गिऱ्हाईक नाही, वीजबिल थकलेलं,
मे महिन्यात भंगारवाल्यानं
किलोवर नेला माग.
त्याच्या मागोमाग बाप गेला पुण्याला,
कुठल्याशा सोसायटीच्या फाटकावर रात्रपाळीला.

"याची झोळी हितंच होती, ह्या खुंटीला.
लाईट गेली की तान्हं पोर दचकून उठायचं.
माग चालू झाला की गप."

मी त्या चौकोनाच्या कडेनं उभी,
आत पाय ठेवायला धजेना.
आम्ही वर्गात काय मागत होतो त्याच्याकडे?
हाताची घडी, तोंडावर बोट.
शांतता.

निघाले, तर दारात हा.
"कशाला आलता बे?"
आणि बऱ्याच वेळानं,
"बाई."

सोमवारी दुपारी पत्रे तापलेले,
मी पुस्तक मिटलं, म्हटलं, पाढे.
घोकायचे नाहीत, वाजवायचे. हात बाकावर.
बे एके बे, बे दुणे चार,
बे त्रिक सहा,
एकेचाळीस पोरांचे तळहात, आधी विस्कळीत,
मग चाराच्या पाढ्याशी कुठंतरी
एकदम जुळून आले.
मणिकंठनं मान वर केली,
दुसऱ्या खोलीतून
कुणी घरच्या नावानं हाक मारल्यासारखी.

त्यानं लगेच सगळं सुधारलं असं नाही.
बुधवारी रेणुका गड्डमला ढकललं,
तिच्या कोपराला पट्टी, तिची आई माझ्यासमोर,
आणि माझ्याकडे सांगायला
एक विकलेला माग.
तो कसा सांगायचा कुणाला?
रेणुकाचं कोपर तर खरंच फुटलं होतं.

आज शुक्रवार. सहाचा पाढा चालू असताना
त्याचं डोकं हळूहळू बाकावर टेकलं.
लाळेची बारीक धार कंपासपेटीवर.
मूठ उघडी.

"बाई, झोपला. उठवू?"
नको.
"बाई, दहाचा झाला."
मग पुन्हा बेपासून.
दारात हेडसर, कपाळावर आठ्या.
रेणुका वळून बघते, पट्टीचा हात सांभाळत,
"हळू म्हणू का, बाई?"

नको गं.
मोठ्यानं म्हणा.
हळू झालं की उठतो तो.