पाचवी पट्टी

पुंता आरेनासला ऑक्टोबरात वारा इतका असतो
की नगरपालिका चौकाच्या कोपऱ्यावर दोर बांधते,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
शाळेच्या खिडक्या दिवसभर कुरकुरतात.
त्या कुरकुरीतच आमचा रोबोट पडला.

पडला म्हणजे धाडकन नाही.
आधी एका बाजूला जरा झुकला,
विचारात पडल्यासारखा,
मग त्याची सगळी चौकट तिरपी होत होत
घडीच्या खुर्चीसारखी मिटली.
एकही पट्टी तुटली नव्हती. एकही स्क्रू सुटला नव्हता.
बाल्तासार म्हणाला, "अजून घट्ट आवळू."
बोटांवर वळ उठेपर्यंत आवळले.
पुन्हा मिटला.

एवारिस्तो सर गोदीत एकतीस वर्षं जोडकाम करून
आता दर मंगळवारी आमच्या तळघरातल्या वर्गात येतात.
डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं,
म्हणून आम्ही सगळे उजवीकडे बसतो.
त्यांनी समजावलं काहीच नाही.
चार पट्ट्या, चार स्क्रू पुढे सरकवले:
"मिलेंका, चौकोन कर. आता कोपरा दाब."
दाबला. चौकोन लगेच कबूल झाला,
कुणी काहीही म्हणो, मान डोलावणारा.
"आता पाचवी. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

कर्ण!
वहीत मी तो शंभरदा काढला होता,
मोजला होता, त्याचे गुणही मिळवले होते,
पण तो असतो कशासाठी, हे कधी विचारलं नव्हतं.
मी दाबलं. तळहाताला खड्डा पडला,
चौकोन जागचा हलला नाही.
"आता यात दोन त्रिकोण राहतात," सर म्हणाले,
"आणि त्रिकोणाचा आकार बिघडवायचा
तर त्याची एक बाजू तरी मोडावी लागते."

पुढचे तीन मंगळवार आम्ही नुसत्या चुका केल्या.
हात लांब केला, कारण लांब हात ऐटदार दिसतो;
चेंडू उचलताना तो
दमलेल्या घोड्यासारखी मान खाली घालू लागला.
चाकाचा दांडा एकाच बाजूने धरला होता,
तो वाकला, आणि चाकं बदकाच्या पायांसारखी फाकली.
"बादलीची कडी दोन कानांत असते,"
सर एवढंच म्हणाले.
बॅटरी सगळ्यांना दिसेल अशी डोक्यावर बसवलेली;
पहिल्याच वळणावर रोबोट उलथा.
सरांनी जहाजाच्या पोटात भरलेल्या दगडांची गोष्ट सुरू केली
आणि मध्येच विसरले.
बॅटरी आम्ही तळाशी नेली.

मग बाल्तासारने धसका घेऊन
जिथे जागा दिसेल तिथे पट्टी जोडली.
रोबोट भक्कम झाला, इतका की चालेना.
मोटर घरघरली, तापली, जळकट वास सुटला.
तेव्हा आम्ही एकेक पट्टी काढत गेलो.
काढायची, कोपरा दाबायचा, कान द्यायचा.
जिच्यावर भारच येत नव्हता ती डब्यात.
हे जोडण्याहून अवघड होतं.
बाबा उत्तरेला खाणीवर गेले त्या वर्षी
आईने घर असंच आवरलं होतं,
प्रत्येक वस्तू उचलून, हातात धरून:
हिच्यावाचून काय पडेल?

स्पर्धेत आम्ही चौदांत अकरावे.
हात उशिरा उघडला. ती प्रोग्रामची चूक, चौकटीची नाही,
हे बाल्तासार पंचांनाही सांगून आला.

परतताना खोकं एकीकडून त्याने धरलेलं, दुसरीकडून मी.
चौकाशी सामुद्रधुनीवरून झोत आला
आणि तो, मी, खोकं, रस्ता,
आमचा चौकोन तिरपा व्हायला लागला.
"पाचवी!" तो ओरडला.
मी एक पाय तिरका रोवला,
मोकळ्या हाताने दोर पकडला.
एका बाईची टोपी आमच्यावरून उडत गेली.
आम्ही उभे होतो.

खोक्यात काहीतरी खुळखुळलं.
एक स्क्रू असणार.
कुठला, ते मंगळवारी बघू.