सोळा रुपयांची तिकिटं

एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून बाबाच आहेत.
सर्व्हे नंबर एकशे बारा, पोटविभाग सात,
माड अकरा, पोफळी मोजलेल्या नाहीत.
बाबांना जाऊन दोन पावसाळे झाले
आणि कुळागरात रोज पाट फिरवणारी बाई
त्या कागदावर कुठंच नाही.

म्हणून मी डिचोलीला.

खिडकी क्रमांक तीन. काचेपलीकडे मांद्रेकर,
खिशाला दोन पेनं, एक लाल, एक बंद पडलेलं.
अर्जाची फी सोळा रुपये.
मी सवयीनं फोन पुढे केला,
बसस्टँडवरच्या शहाळेवाल्यापुढे करते तसा.
त्यानं तर तो काळा-पांढरा चौकोन
कोयता ठेवायच्या ओंडक्यालाच ठोकलाय.
मांद्रेकरांनी फोनकडे पाहिलं,
चपलांसकट कुणी गाभाऱ्यात शिरल्यासारखं.
मग रोख घ्या?
रोख तर नाहीच नाही.
चलन. तीन प्रती. बँकेचा शिक्का. बाराच्या आत.

बँकेत चलनाचं पुस्तक संपलेलं.
झेरॉक्स चालत नाही,
तिसऱ्या प्रतीवर कार्बनचा निळेपणा लागतो म्हणे,
आणि तो पुसट असावा लागतो.

रांगेतून कुणी म्हणालं, तिकिटं लावा ना कोर्ट फीची,
मिंगेलबाब बसतात जिन्याखाली. मंगळवारी.
गुरुवार होता.
"फाल्यां यो," मांद्रेकर म्हणाले,
मायेनंच म्हणाले,
त्यांचा उद्या सहाव्या दिवशी उजाडतो इतकंच.

मंगळवारी मिंगेलबाब होते.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
अर्धाच ए उमटवणारा टाइपरायटर,
आणि बोटं ओली करायचा स्पंज, वाळून खडा झालेला.
त्यांचे वडीलही याच जिन्याखाली बसायचे,
एस्कुद घ्यायचे, अडल्यानडल्याकडून कोंबडी.
"तेव्हा बरं होतं," म्हणाले,
"कोंबडीचे सुटे मागत नसत."
दहाची तिकिटं नव्हती. पाचची यायची होती.
एकाची हवी तेवढी.

सोळा तिकिटं जिभेनं ओली केली.
सरकारची चव आता मला ठाऊक आहे:
आधी किंचित गोड, मग पिठूळ,
मग बराच वेळ काहीच नाही.

पहिल्या ओळीत 'महोदय' गेले.
दुसऱ्या ओळीत माझी नम्र विनंती गेली.
शेवटची चार चिकटवली तेव्हा कळलं,
जिच्यासाठी अर्ज, तिला जागाच उरली नाही.
मग समासात उभं लिहिलं,
सत्यभामा रोहिदास पर्येकर,
पोफळीवर मिरवेल चढते तसं, खालून वर.
मांद्रेकरांनी मान तिरपी करून वाचलं.
हे नियमात बसतं का, हा प्रश्न
त्यांच्या ओठांपर्यंत आला नि परत गेला.

टोच्या घेतला. प्रत्येक तिकिटाला एक भोक,
पुन्हा कुणी वापरू नये म्हणून.
सोळा वेळा खट्ट.
टेबलावर सोळा गोल कपटे,
आईनं लावणं सोडलंय
साधारण त्या मापाचे.
त्यांनी फुंकर मारली.
एक माझ्या बाहीवर बसून घरापर्यंत आला.

"किती लागले?" आईनं विचारलं.
पाट बांधून आली होती, घोट्यापर्यंत चिखल.
सोळा.
"इतकेच?"
बसचे, शहाळ्याचे, कापलेल्या दोन रजांचे
मी धरले नव्हते.
ती दारात थोडा वेळ उभी राहिली,
मनातल्या मनात कसलासा हिशेब मागे मागे नेत,
लग्नापर्यंत गेली असावी.
मग हात धुऊन वीसची नोट आणली.
माझं नाव, माझे पैसे.

माझ्याकडे चार सुटे नव्हते.
फोन काढला. तिनं फोनकडे
अगदी मांद्रेकरांसारखं पाहिलं,
नोट माझ्या मुठीत कोंबली
आणि म्हणाली,
"रावूं दी गो. फाल्यां दी."