खालचा जेट

नारिनच्या बाजारामागे, लोखंडी कंटेनरात आमचं दुकान.
म्हणजे केरिमकुल उस्तादांचं. मी हाताखाली.
मे महिन्यात मेंढपाळ वरच्या कुरणांकडे निघतात,
त्याआधी जुन्या टू-स्ट्रोक गाड्या
दारात ओळीनं खोकत उभ्या राहतात
आणि उस्ताद प्रत्येकाला एकच विचारतात:
वर किती जाणार?

कुणी सांगतं तीन हजार मीटर.
कुणी नुसता हात वर करतं,
उस्ताद त्या हाताकडे बघून जेट निवडतात.
चढेल तशी हवा विरळ होते, पेट्रोल तेवढंच राहतं,
इंजिनाला अजीर्ण होतं.
भोक लहान करायचं. सुई एक खाच खाली.

सुईची खाच दार्याकानच्या भिंगातून बघायची.
उस्तादांची बायको. नमद्यावर शिंगांची नक्षी टाचायची
ती याच भिंगातून. गेली, आणि भिंग दुकानाच्या गल्ल्यात आलं.
आता त्यातून आम्ही प्लगचं तोंड वाचतो:
काळं, ओलं, म्हणजे जास्त पाजलंय.
दूध घातलेल्या चहाचा रंग, म्हणजे जमलं.
आणि पांढरं आलं तर,
हे वाक्य उस्ताद कधी पुरं करत नसत.

हळूहळू दुकानापर्यंत आणलेला प्लग खोटं बोलतो.
म्हणून पुलापलीकडच्या चढावर मूठ पुरी पिळायची,
ऐन भरात इंजिन मारायचं, क्लच दाबायचा
आणि घरंगळत थांबायचं.
साखळीची टकटक तेवढी राहते,
खाली नदी.
चटका बसेल असा प्लग फडक्यात धरून काढायचा.
तो खरा.

सतराचा की तेवीसचा?
आकडा मोठा तसा प्लग थंड,
हे पाठ व्हायला मला अख्खा हिवाळा लागला.
मेंढ्यांमागे पाय टेकत जाणाऱ्याला सतराचा,
तो आपली काजळी आपणच जाळतो.
तेवीसचा त्या पोरांना
ज्यांना रविवारी खडीच्या खाणीत उड्या मारायच्या असतात.
फट सहा दशांश मिलिमीटर.
मापात पाप नको, पोरी.

आणि काढलेला मोठा जेट
काडेपेटीत घालून सीटखाली तारेनं बांधून द्यायचा.
उतरण्याआधी परत लावायला.
खाली हवा दाट.
दाट हवेत लहान भोक म्हणजे उपाशी इंजिन,
उपाशी इंजिन तापतं.

नुरदोलोतच्या सीटखाली मी काडेपेटी बांधली नाही.
का, ते सांगता येत नाही. गर्दी होती. तो काहीतरी सांगून हसवत होता.
जेट माझ्या एप्रनच्या खिशात राहिला,
दोनदा धुतला गेला,
तिसऱ्यांदा पाटावर टणकन वाजला तेव्हा
मी तो उचलून खिडकीतल्या बशीत टाकला.

ऑगस्टअखेर वर निरोप गेला, बहिणीच्या कळा सुरू झाल्यात.
तो एका दमात उतरला, मूठ पुरी उघडी.
गाव अकरा किलोमीटर राहिलं असताना
इंजिन किंचाळलं, मागचं चाक जागीच धरलं गेलं.
कोपर सोललं. उरलेली वाट गाडी ढकलत.
पोहोचला तेव्हा भाचा चार तासांचा होता.

उस्ताद रागावले नाहीत. भिंग माझ्या हातात दिलं.
मोठ्यानं वाच.

पांढरं, म्हटलं.
पुढे.
खडूसारखं. कडेला चंदेरी ठिपके.
ते काय?
पिस्टन, म्हटलं. वितळलेला.
मोज.

नऊ होते.
नुरदोलोत स्टुलावर बसून चहात जाम ढवळत
बाळाचं नाक कुणावर गेलंय ते सांगत होता,
मध्येच थांबून खर्च किती म्हणाला.
उस्ताद म्हणाले, तिला विचार.

बशीत तो अजून होता,
दोन नाणी, एक स्क्रू, तुटलेलं बटण यांच्यात.
कडेवर बारीक कोरलेलं, एकशे दहा.
भिंगाशिवाय वाचता येत होतं.